छेद आणि असंपात

“पुन्हा छेदच शून्य केलास! अरे, वक्ररेषा अक्षाला कुठं छेदते असं विचारलं तर अंश शून्य करायचा असतो! अंश! वरचा! तुला वर-खाली कळतं की नाही? टोपी पायात घालतोस का रे?”

मास्तर ओरडत होते आणि मी पाटी मांडीवर घेऊन त्यांच्या ओटीवर बसलो होतो. मास्तरांचं घर टेंभी नाक्याजवळ. तिथून त्यांचा आवाज सुटला की रेल्वेचे रूळ ओलांडून थेट कोपरीत जाई आणि तिथले कोळी भरती आली समजून होड्या पाण्यात लोटत, असं लोक सांगत. लोक म्हणजे मीच. पण त्या दिवशी समोरच्या पिंपळावरून जे कावळे उडाले त्यांतला एकही तीन दिवस परतला नाही, ही गोष्ट मात्र शपथेवर सांगायची माझी तयारी आहे. एकाने तर म्हणे कळव्याला दुसरं लग्न केलं.

त्या वेळी माझं वय सत्तावीस. कल्याणच्या मराठी शाळेत मी पंतोजी होतो आणि बी. ए.च्या परीक्षेत दोनदा नापास झालो होतो. दोन्ही वेळा गणितात. बाकीचे विषय मी डोळे मिटून पास होत असे. संस्कृतात तर परीक्षकाला माझा पेपर वाचून रडू आलं, असं मी सासुरवाडीला सांगितलं होतं. पण गणिताचा पेपर पुढ्यात आला की माझं बोट धरून कुणीतरी मला विहिरीच्या काठावर नेई आणि तिथे सोडून देई.

मास्तर स्वतः बी. ए. नव्हते. इंग्रजी शाळेत तीस वर्षं गणित शिकवून घरी बसलेले. पुस्तकातून आपलं आपण शिकलेले, आणि म्हणूनच जीव तोडून शिकवणारे. दर रविवारी सकाळी मी कल्याणहून गाडीने ठाण्याला येई, दुपारपर्यंत शिव्या खाई आणि परत जाई. परीक्षेची ही खेप तिसरी होती, आणि शेवटचीही. ते असं.

आमचे वडील खडवलीला भिक्षुकी करत. खडवली धरून सात गावांचे यजमान त्यांच्याकडे. सत्यनारायण, वास्तुशांत, मुंजी, लग्नं, श्राद्धं, सगळं नदीच्या अलीकडे-पलीकडे पायी. गुडघे गेले तेव्हा त्यांनी मला पत्र लिहिलं. पत्रात तीन ओळी होत्या. दोनदा झालं. तिसऱ्यांदा पाहा. नाही जमलं तर बिऱ्हाड उचलून इकडे ये, यजमान खोळंबले आहेत.

भिक्षुकी वाईट असं मी म्हणत नाही. पण मी चौदाव्या वर्षी घर सोडलं होतं ते इंग्रजी शिकायला. ठाण्याच्या इंग्रजी शाळेत वरच्या वर्गाला बीजगणित शिकवायची जागा बी. ए. झाल्यावर मिळेल, असा शब्द मिळालेला होता. आणि खरं सांगायचं तर जागेपेक्षाही आत कुठेतरी एकच गोष्ट सलत होती. ज्या विषयाने मला दोनदा आपटलं तो मला कळतो, एवढं एकदा कुणीतरी कागदावर लिहून द्यावं. मग मी मरायला मोकळा. बायकोला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “मरायचं काय त्यात? पास झाल्यावर लोक पेढे वाटतात.”

आता त्या छेदाचं. अपूर्णांकात वरच्या आकड्याला अंश म्हणतात आणि खालच्याला छेद. हे मी कल्याणच्या शाळेत रोज घसा फोडून सांगत असे. आणि एक रेघ दुसरीला कापून गेली की त्यालाही आपण छेदच म्हणतो. बी. ए.चा पेपर इंग्रजीत. त्यात विचारलेलं असे, ही वक्ररेषा अक्षाला कुठे इंटरसेप्ट करते? साहेबाचं वाक्य माझ्या कानातून आत शिरे आणि आत गेल्या गेल्या धोतर नेसे. कुठे छेदते? छेद कुठे? छेद खाली. खालचा शून्य करा! हात आपोआप तळमजल्यावर जाई. आणि गंमत अशी की खालचा आकडा जिथे शून्य होतो नेमकी तिथेच ती रेघ अक्षाच्या जवळपासही नसते. तिथे ती आभाळात नाही तर पाताळात पळालेली असते. जिथे ती जन्मात पोचणार नाही त्याच जागी मी दोन्ही परीक्षांत तिला अक्षावर आणून बसवली होती, पाट मांडून. तपासणाऱ्या साहेबाला बिचाऱ्याला काय ठाऊक, की हा माणूस गाढव नसून मराठी आहे?

हे कोडं सोडवलं मास्तरांनीच. ओरडता ओरडता ते एकदम थांबले, माझ्याकडे बघत राहिले आणि हळूच म्हणाले, “छेद म्हणजे काय रे?”

“कापणं.”

“आणि?”

“खालचा आकडा.”

मास्तरांनी कपाळावर हात मारला. तो आवाजही नाक्यापर्यंत गेला असणार. “दोन वर्षं! दोन वर्षं तू एका शब्दाला अडखळून पडतोयस! आजपासून खालच्याला छेद म्हणायचं नाही. बूड म्हणायचं.”

“काय?”

“बूड. वर अंश, खाली बूड. बूडच शून्य झालं की माणसाला बसता येत नाही, रेघेलाही नाही. म्हणून ती उठून पळते. ध्यानात राहील?”

राहिलं. पुढच्या आठवड्यात वर्गात मी भर पाहणीच्या दिवशी ‘तीन अंश आणि चार बूड’ असं म्हणून गेलो आणि तपासनीस साहेबांसोबत आलेल्या डेप्युटींना खोकल्याची अशी उबळ आली की त्यांना धरून बाहेर न्यावं लागलं. पण छेदाचं भूत उतरलं, ते कायमचं. मला वाटलं, सुटलो.

मग राहिली ती दुसरी गोष्ट. रेघ पळते ती कुणाच्या सोबतीने पळते? इंग्रजी पुस्तकात त्या सोबतिणीचं नाव होतं ॲसिम्प्टोट. सरळ रेषा असते. वक्ररेषा तिच्या जवळ जवळ जात राहते, जात राहते, पण गाठत नाही. मास्तरांना तो शब्द फार आवडायचा. ते म्हणत, हा शब्द ग्रीकांचा नाहीच, आपलाच. संपात म्हणजे दोन वाटा मिळणं. पंचांगात वसंतसंपात असतो तो हाच. न मिळणं म्हणजे असंपात. “ऐक, ऐक. असंपात, ॲसिम्प्टोट! कुणीतरी ग्रीक आपल्याकडे येऊन चोरून घेऊन गेलेला आहे आणि वाटेत त्याची जीभ भाजली आहे.” मी मान डोलावली. त्या शब्दाने मला भुरळच घातली. ॲसिम्प्टोट म्हटलं की तोंडात खडे येत. असंपात म्हटलं की घरचं कुणीतरी ओटीवर येऊन बसलंय असं वाटे.

असंपात डोळ्यांनी दाखवायचा म्हणून एका रविवारी मास्तरांनी घरातली रांगोळी मागवली. अंगण सारवलेलं होतं. मास्तर ओणवे झाले. वर क्ष उणे दोन, बुडात क्ष उणे तीन. दोनवर अंश शून्य, तिथे अक्षाला कापलं. तीनवर बूड शून्य, तिथे एक उभी रेघ ओढली. “हा असंपात. आता बघ. एक वीत म्हणजे एक. क्ष तीनपेक्षा एक दशांशाने मोठा. वर किती? अकरा दशांश. खाली? एक दशांश. उत्तर?”

“अकरा.”

अकरा विती मोजून मास्तर अंगणाच्या कडेला आले. “आता एक शतांशाने मोठा.”

“एकशे एक.”

मास्तर रांगोळी सोडत सोडत दाराबाहेर गेले. एकशे एक विती म्हणजे गल्लीचं टोक. मी मागे मागे. आता वक्ररेषेत आणि उभ्या रेघेत एका वितीचा शंभरावा भाग एवढंच अंतर राहिलं होतं, आणि मास्तरांच्या चिमटीतून पडणारी रांगोळी बोटभर रुंद. दोन्ही रेघा एकमेकींत मिसळून गेल्या.

“मास्तर, भेटल्या.”

“भेटल्या नाहीत! हा चिमटीचा दोष आहे, रेघेचा नाही! सहस्रांश घे!”

सहस्रांश घेतला. एक हजार एक विती. स्टेशनाच्या वाटेला लागलो. बैलगाडीवाल्याने गाडी थांबवली, पाणी आणणाऱ्या बाया घागरी घेऊन उभ्या राहिल्या, आणि मध्येच रांगोळी संपली. मास्तर थांबणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी वाण्याच्या दुकानातून मिठाची थैली उचलली आणि मीठ सोडायला सुरुवात केली. आता ठाण्यात मीठ म्हणजे सरकारचा डोळा. मिठागरांवर पहारा. मीठखात्याचा शिपाई कुठून तरी उगवलाच.

“मास्तर, हे मीठ कुठं नेताय?”

“अनंताकडे,” मास्तर मान वर न करता म्हणाले.

“कोण अनंत? परवाना आहे त्याच्याकडे?”

“त्याला परवाना लागत नाही.”

“राहतो कुठं?”

“त्याला शेवट नाही, म्हणजे पत्ता कुठून असणार?”

शिपायाने वही काढली. तो बापडा तीन दिवस अनंत नावाच्या मीठचोराला कोपरीत शोधत फिरला. दोन अनंत सापडले, एक न्हावी आणि एक पांगळा म्हातारा. दोघांनीही मिठाला हात लावल्याचं कबूल केलं नाही.

परत आल्यावर मास्तरांनी आडवा असंपात काढला. क्ष मोठा करत नेला. शंभर घेतला, हजार घेतला, दहा लाख घेतला. वर आणि खाली जवळजवळ सारखाच आकडा. उत्तर एकाच्या जवळ, आणखी जवळ.

“एक होणार?”

“नाही.”

“कधी?”

“कधीच नाही.”

“असंपात म्हणजे?”

“कधीच नाही!”

हे त्यांनी माझ्याकडून किती वेळा म्हणवून घेतलं त्याला गणती नाही. पुढचे दोन महिने प्रत्येक उदाहरणानंतर तोच मंत्र. उदाहरणं सगळी एकाच घराण्यातली होती, वर एक क्ष, खाली एक क्ष. पण ते तेव्हा कुणाच्या लक्षात आलं? कल्याणला घरी जेवणानंतर जरा आडवा झालो की माझ्या तोंडून तेच निघे. बायकोने एकदा हलवून जागं केलं. “अहो, ‘कधीच नाही, कधीच नाही’ काय चाललंय? मी काही मागितलंसुद्धा नाही.”

पण मला कळलं होतं. हे मी फुगवून सांगत नाही. एके दिवशी पाटीवर रेघ काढताना हात आपोआप वळला, आणि ती का वळते, कुठे पळते, कुणाला धरून पळते, सगळं एकदम दिसलं. डोळ्यांत पाणी आलं. मास्तरांनी पाटी बघितली आणि ओरडले नाहीत. “जा,” म्हणाले. “पास झालास.”

मुंबईला परीक्षा झाली. गणिताच्या पेपरात चौथा प्रश्न माझाच होता, जणू माझं नाव विचारून काढलेला. वर क्ष उणे एक. खाली क्षचा वर्ग उणे चार. आडव्या अक्षाला कुठे छेदते ते सांगा, असंपात काढा, आकृती काढा. मी मनातल्या मनात शेंडीला गाठ मारली. बूड शून्य कुठे? दोनवर आणि उणे दोनवर. दोन उभे असंपात, झाले. अंश शून्य कुठे? एकवर. तिथे रेघ अक्षाला कापते. ठसठशीत टिंब दिलं. छेदाच्या भुताला मनातून वाकुल्या दाखवल्या.

मग आडवा असंपात. क्ष हजार घेतला. वर नऊशे नव्व्याण्णव, खाली दहा लाखांना चार कमी. उत्तर क्षुल्लक. क्ष जितका मोठा तितकं उत्तर शून्याजवळ. म्हणजे आडवा असंपात कोण? खुद्द तो आडवा अक्षच.

माझा टाक थांबला.

ज्या अक्षाला मी आत्ता एकवर कापून बसलो होतो तोच अक्ष असंपात. आणि असंपात म्हणजे? कधीच नाही. मग हे टिंब कुठून आलं? दोन वर्षं मी रेघेला नको तिथे अक्षावर बसवत आलो होतो. नक्की तेच पाप पुन्हा हातून घडलं असणार. मी ताळा घेतला. एक उणे एक शून्य. एक उणे चार, उणे तीन. शून्याला उणे तीनने भागलं, शून्य. पुन्हा घेतला. शून्य. अकरा वेळा घेतला. बाराव्या वेळी काही दुसरं येईल या आशेने घेतला, तेव्हाही शून्यच. समोरचं घड्याळ मात्र एकदाही शून्यावर थांबलं नाही. पुढचे तीन प्रश्न मी वाचलेसुद्धा नव्हते.

शेवटी मी गणितावर नाही, शब्दावर विश्वास ठेवला. टिंब खोडलं. ‘अक्षाला कोठेही छेदत नाही’ असं इंग्रजीत लिहिलं. आणि मग आकृती काढायला घेतली तर ती जमेना. मधली रेघ उणे दोनपाशी आभाळातून उतरत होती आणि दोनपाशी पाताळात जात होती. वरून खाली जायचं तर वाटेत अक्ष लागणारच. मी काय केलं? वरून येणारी रेघ अक्षाच्या केसभर वर थांबवली. जागा सोडली. आणि अक्षाच्या खाली केसभर अंतरावर ती पुन्हा सुरू केली. मधे भोक. असलं भोक जगात कुणी काढलं नसेल. घंटा झाली तेव्हा मी त्या भोकाकडेच बघत होतो.

यादीत माझं नाव नव्हतं. मी यादी वरून खाली वाचली, खालून वर वाचली, दुसऱ्याच परीक्षेचीही वाचली.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं, रेघेसकट. ती तांदूळ निवडत होती. ऐकून घेतलं तिने.

“म्हणजे ती वरून येते आणि खाली जाते?”

“हो.”

“आणि अक्ष मधे आहे?”

“हो.”

“आणि त्याला भेटत नाही? मग खाली गेली कशी?”

तीच पुढे म्हणाली, “भेटली असेल हो.” मग सूप बाजूला ठेवून उठली आणि फळीवरची भांडी उतरवायला लागली. खडवलीला न्यायची एकीकडे, इथे देऊन टाकायची एकीकडे. मला तिने एकही शब्द बोलून दाखवला नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

आज मी हे खडवलीत बसूनच लिहितो आहे. सातही गावांचे यजमान माझ्यावर खूश आहेत, माझा आवाज मोठा आहे म्हणतात. बारा वर्षांत मी एवढे सत्यनारायण घातले की देवाला माझा प्रसाद पुरे झाला असेल. गणितातलं आता फक्त पंचांग हातात येतं. त्यात वसंतसंपात आला की मी ते पान घाईने उलटतो.

बिऱ्हाड हलवायच्या आदल्या रविवारी मी ठाण्याला गेलो. मास्तरांना निकाल कळला होता. ते ओटीवर बसले होते. मी आत आलो तरी त्यांनी वर बघितलं नाही. मी पाटी पुढे केली आणि प्रश्न लिहून दाखवला. वर क्ष उणे एक, खाली क्षचा वर्ग उणे चार.

मास्तरांनी चष्मा लावला. क्ष शून्य, उत्तर एक चतुर्थांश. अक्षाच्या वर. क्ष अर्धा, दोन पंधरांश. वरच, पण खाली उतरते आहे. क्ष एक, शून्य. त्यांनी तिथे टिंब दिलं. क्ष दीड, उणे दोन सप्तमांश. खाली. पेन्सिल न थांबता त्यांनी रेघ ओढली, ती अक्षाला कापून आरपार गेली. मग तीन, चार, दहा, शंभर घेतले. उजवीकडे दूर ती अक्षाच्या जवळ जवळ जात राहिली आणि तिकडे तिने अक्षाला हात लावला नाही. सगळं पाटीवर दिसत होतं. मधे भेटली होती. लांब गेल्यावर भेटत नव्हती. दोन्ही खरं होतं. माझं टिंब खरं होतं.

मास्तरांनी सगळं पुसलं आणि पहिल्यापासून पुन्हा केलं. पुन्हा तेच आलं.

मी वाट पाहत होतो ते ओरडतील याची. गाढव म्हणतील, टोपी पायात घालतोस का म्हणतील, काहीही म्हणतील. ते पाटीकडे बघत बसले. त्यांच्या हाताची बोटं पेन्सिलीने पांढरी झाली होती.

“मास्तर,” मी म्हणालो, “तुम्ही तर म्हणाला होतात, कधीच नाही.”

“मला ठाऊक नव्हतं,” मास्तर म्हणाले.